बाबांची नक्कल

मला सहसा किळस येत नाही. मी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. लोक आपली थुंकी, लघवी आणि त्याहून वाईट ऐवज झाकणाच्या डबीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवतात, मी त्यावर चिठ्ठी चिकटवते आणि पुढच्या डबीकडे वळते. दुपारी शेजारच्याच खोलीत बसून डबा खाते. नव्याने लागलेल्या मुली पहिल्या आठवड्यात नुसतं पाणी पितात, मी बोटं चाटते. किळस कशाला म्हणतात ते मला माझ्या सख्ख्या भावाने शिकवलं, तेही भरल्या सभागृहात, लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात हसत असताना.

घरात त्याचं नाव भोंगा. लहानपणी रडायला लागला की तळमजल्यावरचा माणूस वर बघायचा. आता जग त्याला वेगळ्या नावाने ओळखतं, बसच्या पाठीवर त्याचा दात काढलेला फोटो असतो, आणि मुलाखतींमध्ये तो पायावर पाय टाकून ‘विनोद म्हणजे करुणा’ असली वाक्यं सोडतो. मी त्याचं नाक पुसलेलं आहे. मी भोंगाच म्हणणार.

नक्कल तो लहानपणापासून चांगली करायचा, खोटं कशाला बोलू. शाळेतले सर खडू कसा मोडतात, शेजारच्या काकू फोनवर बोलताना पोट कसं खाजवतात, सगळं हुबेहूब. पण नकलेपलीकडे गडी कोरा. स्वतःच्या डोक्यातून एक वाक्य काढायचं म्हटलं की घाम फुटायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कॉलेज सोडून तो कॅफेच्या तळघरांत माईक धरायला लागला, तेव्हा पहिली काही वर्षं त्याने आमच्या सगळ्या नातेवाइकांना एकेक करून विकलं. मावशीचं घोरणं, काकांचा टोप, माझं लग्न जमत नव्हतं ते दिवस. मग एका मालिकेत हिरोचा मित्र झाला. मित्राचं काम काय, तर हिरोला ‘मग तू काय करणार?’ असं विचारायचं आणि सतत काहीतरी खात राहायचं. चार वर्षं खाल्लं. मालिका संपली, पोट राहिलं.

त्याच्या धंद्यात एक शब्द आहे, मटेरियल. आपण ज्याला दुखणं म्हणतो, भांडण म्हणतो, लाज म्हणतो, त्याला हे लोक मटेरियल म्हणतात. आई गेली तेव्हा हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो. गाडीवाल्याने पत्ता चुकीचा लिहून घेतला होता आणि तो दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन ‘बॉडी कुठाय’ विचारत होता. भोंग्याचे डोळे रडून सुजले होते. त्याने नाक पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, हे वापरता येईल.” मी तेव्हा त्याला दुःखाने वेड लागलंय असं समजले. तो पूर्ण शुद्धीवर होता.

बाबांचा धंदा गाडी शिकवण्याचा. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक असलेली त्यांची गाडी होती आणि त्या गाडीत बसून त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं. थरथरत्या हातांची माणसं, रडणाऱ्या बायका, नवरा मागच्या सीटवर बसला की इंजिन बंद पाडणाऱ्या बायका, सगळ्यांशी एकच सूर. “क्लच सोड, हळूहळू सोड. घाई कुणाला आहे?” आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. धंदा बंद केल्यावरही रस्त्यात माणसं त्यांना बघून गाडीची काच खाली करायची आणि नमस्कार करायची.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून रेझर पडला. पक्षाघात. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली आणि भाषा गेली. सगळं समजायचं, पण बोलायला गेले की जे ठेवणीतलं होतं तेवढंच बाहेर यायचं. चहा हवा असला तरी “क्लच सोड.” पाठ खाजवायला हवी तरी “हळूहळू सोड.” एकदा माझा नवरा त्यांना संडासात घेऊन गेला आणि आतून शांत आवाज आला, “घाई कुणाला आहे?” नवरा हसून हसून भिंतीला टेकला. मी हसले, बाबाही हसले, एका बाजूने हसले पण पोटातून हसले. आम्ही काही सोवळे नाही. फरक एवढाच की त्या संडासात तिकीट काढून कुणी बसलेलं नव्हतं.

त्यांना बोलायला शिकवायला एक बाई यायच्या. आम्ही त्यांना बोलबाई म्हणायचो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्या वाक्य अर्धं म्हणायच्या आणि बाबांनी पुरं करायचं. “सकाळी उठल्यावर मी पितो…” आणि मग त्या थांबायच्या. कितीही वेळ थांबायच्या. बाबांच्या कपाळावर शिरा उठायच्या. एक दिवस “चहा” बाहेर आलं. मग “पाणी” आलं. “घर” आलं. मला हाक मारायचे ती लहानपणची, “चिमे,” तीही आली. त्या दिवशी मी लॅबमध्ये दोन डब्यांवर उलट्या चिठ्ठ्या लावल्या आणि बोलणी खाल्ली, पण मला काही वाटलं नाही.

बोलबाईंनी मला दारात थांबवून सांगितलं होतं. “चुकू द्या त्यांना. दुरुस्त करू नका. ते हसले तर त्यांच्याबरोबर हसा, ते हसत नसतील तर तुम्हीही हसू नका. या वयात माणसाला आपल्या बोलण्याची लाज वाटली ना, की तो तोंड मिटतो. आणि एकदा मिटलं की जे परत आलंय तेही जातं.”

नेमक्या त्याच दिवसांत भोंग्याला पितृप्रेमाचं भरतं आलं. एरवी वाढदिवसाला फोन करणारा, तो दर आठवड्याला यायला लागला. बाबांची दाढी करून द्यायचा, नखं काढायचा, त्यांच्यासमोर स्टुलावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचा आणि तासन्‌तास त्यांच्याकडे बघायचा. “बोला बाबा. काय पाहिजे? सांगा.” बाबा फुलून यायचे. लाडक्या लेकासमोर शब्दांची नुसती रांग लागायची, बरोबर चूक सगळे. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि माझे डोळे भरायचे. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा असायचा, पण आजकाल कुणाचा फोन कुठे टेकवलेला नसतो?

“साहेबांना वेळ बरा मिळतो हल्ली,” माझा नवरा म्हणाला.

“तुला कुणाचं चांगलं बघवत नाही,” मी म्हणाले.

“ताकापुरती आजी आहे ही,” तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. माझा नवरा आळशी आहे, घोरतो, पण माणूस ओळखतो.

पुढे भोंग्याच्या नव्या कार्यक्रमाचं चित्रीकरण ठरलं. मोठं सभागृह, कॅमेरे, नंतर ते सगळं जगभर दिसणार होतं. पहिल्या रांगेतल्या जागा आम्हाला. “बाबांवर एक भाग आहे ताई,” तो म्हणाला. “खूप प्रेमाने केलाय. त्यांना आणच.” मी बाबांना त्यांचा राखाडी कोट घातला. बटणं लावताना ते म्हणाले, “चिमे, पाणी.” पाणी नको होतं त्यांना. छान दिसतोय का, असं विचारायचं होतं. मी म्हणाले, एकदम छान.

कार्यक्रम सुरू होण्याआधी कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी मंचावर आली. तिने सांगितलं की आता आपण थोडी तयारी करू. “सगळ्यांनी हसा. काही झालेलं नाहीये, तरी हसा. आता जोरात. आता शेजाऱ्याकडे बघून हसा. आता टाळ्या. आता डोळे पुसा, हसून पाणी आल्यासारखे.” कॅमेरे प्रेक्षकांकडे वळले होते. एवढी मोठी माणसं, चांगले कपडे घालून, कशालाही न हसता हसतायत हे बघून बाबांना इतकी गंमत वाटली की ते खरंच हसायला लागले. खांदे हलायला लागले. माझ्याकडे बोट दाखवून हसले, मीही हसले. समोरचा कॅमेरा बराच वेळ आमच्यावर थांबला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं मजा आली, चांगलं झालं.

मग भोंगा आला. आधी विमानतळ, मग लग्न, मग मावशीचं तेच जुनं घोरणं. शेवटी त्याने एक खुर्ची मधोमध ओढली, तीत बसला, आणि बाबा झाला.

तोंड एका बाजूला ओढलं, एक डोळा बाहेर काढला, हात आखडून छातीशी घेतला. “क्लऽऽच शोऽऽड.” आणि प्रत्येक शब्दानंतर लाळ आत ओढल्याचा आवाज, सुर्रर्र, माईकमध्ये. बाबांची लाळ पहिल्या आठवड्यानंतर कधी गळली नाही. मी सांगते, मीच पुसायचे. पुढे नर्स भांडं घेऊन येते, बाबा तिला म्हणतात, “रिव्हर्श घे, रिव्हर्श घे.” हे बाबा आयुष्यात कधी म्हणाले नव्हते, हे भोंग्याने घरचं घातलं होतं. त्याच्या डोक्यातून निघालेला हा पहिला विनोद, आणि तो असा निघाला. सभागृह कोसळलं. माझ्या मागचा माणूस माझ्या खुर्चीच्या पाठीवर बुक्के मारत होता.

मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. आधी मागे वळले, कोण हसतंय ते बघायला. इतक्या लांबपर्यंत तोंडं होती की ते बघतच राहिले. मग पुढे वळले, डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि कोटाच्या आत घालून ठेवला. लॅबमध्ये इतक्या वर्षांत न आलेली किळस मला तिथे आली. बाबा म्हणाले, “घर.” शब्द बरोबर होता, जागाही बरोबर होती. पण बाहेर पडायच्या वाटेवर कॅमेऱ्याच्या तारा पसरलेल्या होत्या आणि कानाला हेडफोन लावलेल्या मुलीने आम्हाला हाताने खाली बसवलं.

नंतर एक माणूस आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे ओले टॉवेल, अर्धवट खाल्लेले सँडविच, घाम आणि पावडर यांचा एक वास तुंबला होता. भोंगा उघड्या अंगाने बसला होता, पोटावरून घाम ओघळत होता, भोवती चार माणसं ‘फोडलंस, फोडलंस’ म्हणत होती. त्याने उठून बाबांच्या कपाळाचा मुका घेतला. “काय बाबा, जमलं की नाही?” बाबांच्या कपाळावर त्याच्या मेकअपचा पिवळट डाग उमटला. मी रुमालाने तो पुसला. जोरात पुसला, कातडी लाल होईपर्यंत.

“तू काय केलंस हे?” मी म्हणाले.

“प्रेम आहे गं ते ताई. लोक रडत होते.”

“हसत होते.”

“हसता हसता रडत होते. तुला नाही कळणार ते.” आणि तो कुणाच्या तरी फोनसाठी हसरा चेहरा करून वळला.

कार्यक्रम बाहेर आला तेव्हा मी एकटीने बघितला, बघायचा नाही असं ठरवून बघितला. नर्स आली, ‘रिव्हर्श घे’ झालं, लोक फुटले आणि पडद्यावर बाबा आले. खांदे हलवत, माझ्याकडे बोट दाखवत, पोट धरून हसणारे बाबा. ते आधीचं हसणं, कशावरच नसलेलं, यांनी उचलून तिथे आणून चिकटवलं होतं. शेजारी मीही दात काढत होते. मी फोन केला.

“ते हसणं काढ.”

“ताई, एडिटिंग असंच असतं. सगळे करतात.”

“ते हसले नव्हते तेव्हा. हात लपवत होते.”

“तू फार मनाला लावून घेतेस. लोकांना किती आवडलंय ते वाच जरा.”

वाचलं मी. ‘बाप असावा तर असा.’ ‘स्वतःवर हसायला काळीज लागतं.’ एका मुलाखतीत भोंग्याने सांगितलं की माझे पहिले प्रेक्षक माझे बाबा. मुलाखत घेणारीने हृदयावर हात ठेवला. मी हे कुणाला समजवायला गेले की तो आपल्या बापाचं खोटं हसू विकतोय, तर लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, “पण तुम्ही पण हसताय की त्यात.” चोर तो चोर, वर मलाच साक्षीदार करून गेला.

आणि रस्त्यावरचं वेगळंच. मी बाबांना संध्याकाळी काठी धरून कोपऱ्यापर्यंत नेत असे. आता औषधवाला काउंटरमागून ओरडायचा, “काका, एकदा होऊन जाऊ दे. रिव्हर्श घे!” प्रेमानेच ओरडायचा, म्हणून तर जास्त चीड यायची. लिफ्टमध्ये एका बाईने बाबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि म्हणाली, “बोला ना ते, माझ्या मुलीला पाठवायचंय.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं. ज्याला काच खाली करून लोक नमस्कार करायचे, तो हा माणूस.

त्यांनी बाहेर यायचं बंद केलं. मग बोलायचं बंद केलं. बोलबाई यायच्या, “सकाळी उठल्यावर मी पितो…” म्हणून थांबायच्या, आणि बाबा खिडकीकडे बघत बसायचे. प्रयत्न करून न जमणं वेगळं असतं. हे तोंड मिटलेलं होतं. बोलबाईंचं येणंही थांबलं; शेवटच्या दिवशी जाताना त्या नुसत्या चपला घालत बसल्या, खूप वेळ. दुपारी मी कामावर असताना बाबा टॅबलेटवर भोंग्याचा कार्यक्रम लावून बघतात हे मला शेजारणीने सांगितलं. आवाज अगदी बारीक करून, मागे घेऊन घेऊन. मी टॅबलेट कपाटात ठेवला. नवरा म्हणाला, “बघू दे. पोराचं काम आहे त्यांच्या.” मी पुन्हा काढून दिला. लेकाचं तोंड बघण्यासाठी बघत असतील असं वाटलं.

सहा महिने हे असं चाललं. “चिमे” सुद्धा गेलं. मी हाक मारली की मान हलायची, बस.

आणि मग एका रविवारी दुपारी भोंगा दारात. बरोबर एक बारीक केसांची, साधे कपडे घातलेली बाई. ती अभिनय करून घेते, नटांकडून भूमिकेची तयारी करून घेते, असं त्याने सांगितलं. तिने बूट काढून नीट भिंतीशी ठेवले. माणूस म्हणून वाईट नसावी.

भोंगा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. “ताई, सिनेमा मिळालाय. विनोदी नाही. गंभीर. पक्षाघात झालेला शिक्षक आहे, वाचा गेलेला. आयुष्यात एकदाच येतो असा रोल. डायरेक्टर म्हणतो, स्टेजवर केलंस ते ढोबळ होतं, मला खरं पाहिजे. मला बाबांबरोबर बसायला लागेल थोडे दिवस.”

“ते बोलत नाहीत.”

“माझ्याशी बोलतील.”

“खरं होतं तेव्हा तुझ्या समोर होतं,” मी म्हणाले. “गुडघ्याला गुडघा लावून बसला होतास. त्यावर थुंकलास, आणि आता तेच परत मागायला आलास? लाज कशाशी खातात माहीत आहे तुला?”

“हळू बोल, ती ऐकतेय.”

“ऐकू दे. तुझ्या अंगाला वास येतो भोंग्या. इतकी वर्षं मी लोकांची घाण हुंगतेय, असा वास नाही आला कधी.”

क्षणभर मला त्याचा लहानपणचा चेहरा दिसला, रडायच्या आधीचा. कदाचित तोही त्याने काढलेला असेल. मला आता त्याच्या कुठल्याच चेहऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही.

बाहेरून काठीचा आवाज आला. बाबा फरशीवर काठी आपटत होते. आम्ही गेलो तर ते खुर्चीत सरळ बसले होते, केसांवरून डावा हात फिरवत. त्यांनी भोंग्याला काठीने स्टूल दाखवलं. भोंगा बसला. बाबांनी त्याच्या हातातल्या फोनकडे बोट केलं, मग टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे. टेकव, असं. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना होतं.

भोंग्याने फोन टेकवला. “बोला बाबा,” तो म्हणाला.

बाबांनी तयारी केली. खरंच, एखादा नट करतो तशी, डोळे मिटून. मग त्यांनी तोंड वाकडं केलं.

डावीकडे केलं. मला कळायला वेळ लागला की नेमकं काय चुकतंय. भोंगा समोर बसून शिकला होता, म्हणून मंचावर त्याचं तोंड आरशातल्यासारखं उलट्या बाजूला वाकडं व्हायचं. बाबांची बिघडलेली बाजू उजवी. ते आता आपली चांगली, धडधाकट बाजू हाताने ओढावी तशी खाली ओढत होते. एक डोळा मोठा केला. डावा हात, चालता हात, आखडून छातीशी घेतला. आणि सहा महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिला आवाज निघाला.

“क्लऽऽच शोऽऽड.” मग सुर्रर्र. मग, “रिव्हर्श घे.”

भोंग्याचं तोंड उघडं राहिलं. बाबा त्याच्याकडे बघत होते, बरोबर झालं का म्हणून.

“नाही बाबा,” भोंगा म्हणाला. “हे नको. हे माझं आहे. मला तुमचं पाहिजे.”

बाबांनी विचार केला. तोंड सरळ केलं, हात मांडीवर ठेवला आणि आत कुठेतरी शोधायला गेले. कपाळावर त्या जुन्या शिरा उठल्या. ओठ हलले. आम्ही सगळे थांबलो, बोलबाई थांबायच्या तसे. काही आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर मला त्या नजरेत एवढंच दिसलं की घरात पाहुणे आलेत आणि द्यायला काही नाही. मग त्यांनी पुन्हा डावीकडे तोंड ओढलं आणि तेच केलं, आधीपेक्षा मोठ्याने, डोळा आणखी बाहेर काढून, कारण पहिल्यांदा कुणी हसलं नव्हतं.

ती साधी बाई हसली. घाबरून हसली असेल, तिने लगेच तोंडावर हात घेतला. पण बाबांनी ऐकलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

भोंग्याने फोन उचलला आणि खिशात घातला. “नंतर येतो,” म्हणाला. नंतर आला नाही. सिनेमा झाला, त्यासाठी त्याने कुठल्यातरी हॉस्पिटलात दुसऱ्या कुणाचा तरी बाप शोधला. लोक म्हणतात काम अप्रतिम आहे. असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते आणि मागून आवाज आला, “रिव्हर्श घे. सुर्रर्र.” बाबांना चहा हवा होता. तेव्हापासून ते बोलतात. दिवसभर बोलतात. वाकड्या तोंडाने, आखडलेल्या हाताने, माझ्या भावाच्या आवाजात. बोलबाईंना मी परत बोलावलं, तर त्या आनंदून गेल्या. “आवाज फुटला, हेच मोठं आहे. आता कशावरून तरी पुढे जाता येईल.”

“पण हे त्यांचं बोलणं नाही हो,” मी म्हणाले. “माझ्या भावाने त्यांची चेष्टा केली होती, ती आहे ही.”

त्यांनी थोडा विचार केला. “असू दे. कुणाचं का असेना, तोंड उघडंय. काही झालं तरी अडवू नका. अडवलंत तर संपलं.”

म्हणून मी अडवत नाही. एवढ्यावर भागत नाही, कारण बोलून झालं की बाबा थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी गप्प राहिले तर पुन्हा करतात, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, घाम फुटेपर्यंत. नवऱ्याला जमत नाही, तो उठून बाल्कनीत जातो. मला जावं लागतं पुढे. सकाळी ते ‘रिव्हर्श घे’ म्हणतात, लाळ नसलेल्या तोंडाने लाळ ओढतात आणि वाट बघतात. मी कप हातात घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसते आणि हसते. चांगलं मोठ्याने, खांदे हलवून हसते. मग ते चहा घेतात.